उंदराचा सामाजिक स्वभाव मोजताना

उंदीर दुसऱ्या उंदरात किती मिसळतो, हे थेट मोजण्याचे कोणतेही उपकरण नाही. प्रयोगशाळेत मोजले जातात ते सेकंद, अंतर आणि हुंगण्याच्या खेपा. स्वभावाविषयीचे विधान त्यावरून काढलेले अनुमान असते, आणि माझ्या मते या क्षेत्रातील बहुतेक गोंधळ या अनुमानातच होतो.

सर्वाधिक वापरात असलेली चाचणी तीन कप्प्यांच्या पेटीची आहे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जॅकलिन क्रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास ती रूढ केली. उंदराला आधी रिकाम्या पेटीत वावरू देतात. नंतर एका टोकाच्या कप्प्यात जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात अनोळखी उंदीर आणि दुसऱ्या टोकाला तसाच रिकामा पिंजरा ठेवून, साधारण १० मिनिटे तो कोठे रमतो याची नोंद घेतात. पुढच्या टप्प्यात रिकाम्या पिंजऱ्यात दुसरा अनोळखी उंदीर येतो, आणि मघाच्या उंदराची ओळख त्याला राहिली आहे का, हे पाहिले जाते. जाळीमुळे मारामारी टळते आणि जवळ जाण्याचा निर्णय केवळ मोकळ्या उंदराचा राहतो.

पण कप्प्यात घालवलेला वेळ म्हणजे सहवास नव्हे. त्या कप्प्याच्या कोपऱ्यात नुसता बसून राहिलेला उंदीरही आकड्यांत मिसळाऊ दिसतो, म्हणून जाळीपाशी प्रत्यक्ष हुंगण्याचा वेळ अधिक विश्वासार्ह मानावा लागतो. शिवाय उंदीर एकमेकांना मुख्यतः वासाने ओळखतात; ज्याचे घ्राणेंद्रिय क्षीण आहे किंवा जो नव्या जागेत बुजतो, तो या चाचणीत विनाकारण एकलकोंडा ठरतो. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) संशोधनात बीटीबीआर या जातीचे उंदीर या चाचणीतील उदासीनतेमुळेच प्रसिद्ध झाले, आणि तेथे ही खबरदारी विशेष गरजेची आहे.

आवाजाचे मोजमाप मला अधिक बोलके वाटते. मोठ्या जातीचे उंदीर (इंग्रजीत रॅट) भीतीच्या प्रसंगी सुमारे २२ किलोहर्ट्झचा, तर खेळताना सुमारे ५० किलोहर्ट्झचा आवाज काढतात. माणसाच्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असल्याने खास ध्वनिग्राहकाशिवाय हे ऐकूच येत नाही.

अनुमानाचा प्रश्न २०११ मध्ये ठळकपणे समोर आला. अडकलेल्या सोबत्याच्या नळीचे दार उंदीर उघडतात, असे शिकागो विद्यापीठातील प्रयोगात दिसले आणि त्याला सहानुभूती म्हटले गेले. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने सहवासाची ओढ एवढेच स्पष्टीकरण पुरेसे असू शकते, असे दाखवले. कृती तीच होती, वाद तिच्या अर्थाचा होता.

आता चित्रफितींतून उंदरांच्या शरीराचे बिंदू टिपणारी, २०१८ मध्ये आलेल्या डीपलॅबकटसारखी संगणकीय साधने तासन्‌तासांचे वर्तन न थकता नोंदवतात. मात्र कोणत्या हालचालीला हल्ला म्हणायचे आणि कोणत्या हालचालीला जवळीक, याची उदाहरणे संगणकाला बहुधा माणूसच देतो, आणि एकाच चित्रफितीवर दोन अनुभवी निरीक्षकांच्या नोंदी पुष्कळदा वेगळ्या निघतात.