काळ उभा की आडवा? भाषा आणि कालबोधाच्या संशोधनामागचा वाद

भाषा आणि काळ यांच्या नात्यावर कुणी लिहायला बसले की पहिला मुक्काम हमखास अमेरिकेतल्या होपी या आदिवासी जमातीकडे पडतो. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या एका अग्निविमा कंपनीतली नोकरी सांभाळून भाषांचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांनी दावा केला की होपी भाषेत काळाचा थेट निर्देश करणारे शब्द किंवा व्याकरणरूपे नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९५६ मध्ये, त्यांचे लेख एकत्र छापले गेले आणि हा दावा सर्वदूर पोचला. १९८३ मध्ये एका भाषावैज्ञानिकाने सहाशेहून अधिक पानांच्या ग्रंथात होपीतल्या कालवाचक शब्दांचे आणि रूपांचे दाखले एकामागून एक मांडले, आणि अभ्यासकांपुरता तो विषय तिथेच मिटला. लोकप्रिय लेखांत तो अजून चघळला जातो, त्याला इलाज नाही.

आजच्या संशोधनाची वाट वेगळीच आहे. जगातल्या बहुतेक भाषा काळाविषयी बोलताना जागेचे शब्द उसने घेतात: मागचा आठवडा, पुढचा महिना. १९८० नंतर या रूपकांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला आणि १९९० च्या दशकात प्रश्न प्रयोगशाळेत गेला. ही केवळ बोलण्याची रीत आहे, की काळाचा विचार करताना मन खरोखरच जागेची मांडणी वापरते? लोकांना विचारून उपयोग नव्हता, कारण उत्तर पुन्हा भाषेतूनच येणार. म्हणून हत्यार निवडले गेले ते प्रतिक्रियाकाळाचे, म्हणजे बटण दाबायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचे.

२००१ मधला प्रयोग या क्षेत्राचा पाया मानला गेला आणि पुढचे सगळे रामायणही त्यावरूनच घडले. पडद्यावर आधी एक चित्र दिसायचे: काळा किडा पांढऱ्या किड्याच्या पुढे आहे, किंवा काळा चेंडू पांढऱ्या चेंडूच्या वर आहे. चित्राखालचे वाक्य खरे की खोटे ते सांगायचे. लगेच पुढचे वाक्य यायचे: मार्च एप्रिलच्या आधी येतो, खरे की खोटे? पहिल्या चित्राने मनात आडवी मांडणी जागी केली की उभी, याचा दुसऱ्या उत्तराच्या वेगावर परिणाम होतो का, एवढेच मोजायचे होते. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक आडव्या चित्रानंतर जलद निघाले, चिनी मँडरिन बोलणारे उभ्या चित्रानंतर. मँडरिनमध्ये गेल्या महिन्याला ‘वरचा’ आणि येत्या महिन्याला ‘खालचा’ म्हणण्याची पद्धत आहे, तेव्हा निकाल अगदी चपखल बसला. शिवाय सगळ्यांची चाचणी इंग्रजीतच घेतली होती. म्हणजे माणूस परभाषेत उत्तर देत असतानाही मातृभाषेचा ठसा दिसतो, असा अर्थ निघत होता. ज्यांनी इंग्रजी लहानपणी शिकली त्यांच्यात हा ठसा फिका होता. ‘सोमवार मंगळवारच्या वर आहे’ अशा थाटात बोलण्याचा थोडा सराव इंग्रजी भाषकांना दिला, तर तेही मँडरिन भाषकांसारखे वागू लागले.

निबंधाची मांडणी देखणी होती यात शंका नाही. भाषिक सापेक्षतावादाला, म्हणजे भाषा माणसाच्या विचाराला वळण लावते या मताला, अनेक वर्षांनी ताठ मानेने वावरता येईल असा हा पुरावा होता, आणि पाठ्यपुस्तकांनी तो लगोलग उचलला.

पण २००७ मध्ये एकाच नियतकालिकात दोन निबंध आले. एका गटाने इंग्रजी भाषकांवरचा भाग सहा वेळा करून पाहिला आणि आडव्या चित्राचा फायदा त्यांना एकदाही मिळाला नाही. दुसऱ्या निबंधात मँडरिन आणि इंग्रजी भाषकांवरच्या चार प्रयोगांत फरक हाती लागला नाही. त्याच निबंधात चिनी बातम्यांमधले शब्दप्रयोगही तपासले होते, आणि काळासाठी उभ्यापेक्षा आडवे शब्दच तिथे जास्त सापडले. हा दुसरा मुद्दा माझ्या मते पहिल्याहून जड आहे. मँडरिनमध्ये ‘पुढे-मागे’ही काळासाठी सर्रास वापरतात. तेव्हा भाषेत उभी रूपके आहेत म्हणून विचार उभा, हे समीकरण मुळातच घाईचे होते. इंग्रजीची बाजू ढासळली ही गोष्टही किरकोळ नव्हे. सगळा दावा दोन गटांच्या तुलनेवर उभा होता आणि त्यातला एक गट मूळ प्रयोगासारखा वागायलाच तयार नव्हता.

उत्तर २०११ मध्ये आले, पण जुना प्रयोग पुन्हा करून नव्हे, तर नवी रचना घेऊन. एकाच माणसाची वेगवेगळ्या वयातली छायाचित्रे दाखवायची आणि दुसरे आधीचे की नंतरचे ते बटण दाबून सांगायचे. बटणे कधी शेजारी-शेजारी, कधी वर-खाली. आडव्या बटणांचा परिणाम दोन्ही गटांत दिसला, उभ्या बटणांचा फक्त मँडरिन भाषकांत. वाक्ये वाचायची भानगडच नसल्याने ही रचना जास्त स्वच्छ आहे. मात्र तिच्यामुळे २००१ चा निकाल आपोआप शाबूत ठरतो असे जे अनेक आढाव्यांत सुचवले जाते, ते पटत नाही. दोन प्रयोग वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

शिवाय लिपीचा पेच राहतोच. चिनी मजकूर परंपरेने वरून खाली लिहिला जाई आणि तैवानमध्ये ती पद्धत अजून टिकून आहे. २०१२ च्या एका अभ्यासात तैवानी लोकांनी घटनाक्रमाची चित्रे उभी मांडण्याचे प्रमाण मुख्य भूमीवरच्या चिनी लोकांपेक्षा जास्त निघाले. बोली जवळपास तीच, लिहिण्याची दिशा वेगळी. वाचनाची दिशा काळाला वळण लावते हे १९९१ पासून माहीत होते: इंग्रजी मुले काळ डावीकडून उजवीकडे मांडतात, अरबी मुले उजवीकडून डावीकडे. २०१४ मध्ये तर आरशातल्यासारखा उलटा मजकूर थोडा वेळ वाचायला लावून ही सवय फिरवता येते असे दिसले. वर्षानुवर्षांची म्हणावी अशी सवय काही मिनिटांत उलटते, तर तिला ‘विचाराची घडण’ म्हणायचे का, हा प्रश्न अजून कुणी नीट सोडवलेला नाही.

याच काळात प्रयोगशाळेबाहेरचे पुरावेही जमत गेले. अँडीजमधले आयमारा भाषक भूतकाळ समोर आणि भविष्य पाठीमागे दाखवतात (२००६). ऑस्ट्रेलियातल्या पोर्मपुरावचे लोक चित्रे पूर्वेकडून पश्चिमेकडे लावतात, मग तोंड कुठल्याही दिशेला असो (२०१०). पापुआ न्यू गिनीतल्या युप्नो लोकांसाठी भविष्य चढाच्या बाजूला असते (२०१२). मोरोक्कोतला २०१४ चा अभ्यास मात्र या सगळ्यांत खटकणारा आहे: तिथली अरबी भाषा भविष्याला पुढेच ठेवते, पण बोलणारे भूतकाळ समोर असल्यासारखी उत्तरे देतात. संशोधकांनी कारण दिले ते परंपरेकडे असलेल्या ओढ्याचे. भाषा एकीकडे, माणूस दुसरीकडे.

आतापर्यंतचे सगळे काळाच्या मांडणीविषयी झाले. काळ किती लांब वाटतो हा प्रश्न निराळा आहे, आणि बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते. २०१७ मध्ये स्वीडिश आणि स्पॅनिश भाषकांची तुलना झाली. स्वीडिशमध्ये वेळ ‘लांब’ असतो, स्पॅनिशमध्ये ‘पुष्कळ’. पडद्यावर वाढत जाणारी रेघ किंवा भरत जाणारे भांडे पाहून ते किती वेळ चालले ते सांगायचे होते. रेघेच्या लांबीने स्वीडिश भाषक चकले, भांडे किती भरले याने स्पॅनिश भाषक. दोन्ही भाषा येणारे लोक सूचना ज्या भाषेत मिळेल त्याप्रमाणे चकले. आणि सूचनेतला वेळेचा निर्देश करणारा शब्दच काढून टाकल्यावर हा फरक उरला नाही.