आता नवीन काही घ्यायचं नाही!

सावदा स्टेशनातून केळीची गाडी निघाली, की ज्याचे घड वेळेत आले नाहीत त्याचा माल पुढच्या गाडीला. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, अशा सॉफ्टवेअरचे बरेच मोठे प्रकल्प हाच नियम पाळतात. उबुंटू या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येते, क्रमांकातच वर्ष-महिना असतो: 24.04, 24.10. एप्रिल 2006 ची आवृत्ती मात्र जूनवर गेली, म्हणून ती 6.06.

तारीख पाळायची तर तिच्या काही आठवडे आधी नव्या सोयींना दार लावावं लागतं. हाच फीचर फ्रीझ. त्यानंतर फक्त चुकांची दुरुस्ती. उबुंटूसारख्या प्रणालींचा गाभा असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये नवा कोड प्रत्येक आवृत्तीचे पहिले दोन आठवडेच घेतात. पुढे साधारण दर रविवारी एक चाचणी आवृत्ती, अशा सात-आठ झाल्या की पक्की. चाचणी करणाऱ्याच्या पायाखालची जमीन रोज हलत राहिली, तर तो तपासणार तरी काय?

आपल्याकडे ज्याची झळ थेट लागते तो फ्रीझ वेगळाच: मजकुराचा. समजा, जळगावच्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी एखाद्या प्रोग्रामचे मेन्यू मराठीत आणते आहे. शेवटच्या आठवड्यात कुणी मूळ इंग्रजी वाक्यातला नुसता स्वल्पविराम हलवला, तरी गेटटेक्स्ट ही भाषांतराची यंत्रणा तिच्या ओळीवर ‘फझी’ (खात्री नाही) असा शिक्का मारते. ओळ फाईलमध्ये असते, पण पडद्यावर येत नाही. सगळा मेन्यू मराठी आणि मधेच एक इंग्रजी ओळ! म्हणून ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपसारख्या प्रकल्पांत ठरल्या दिवसानंतर वाक्यांना हात लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते.

फ्रीझच्या आदल्या आठवड्यात अर्धकच्चा कोड आत ढकलायची घाई होतेच. माझ्या मते त्यावर सक्तीपेक्षा छोटं वेळापत्रक बरं. पुढची गाडी महिन्याभरात असेल, तर कोण कशाला धावेल? फायरफॉक्स ब्राउझर 2020 पासून दर चार आठवड्यांनी येतो.

डेबियन या लिनक्सवरच्या दुसऱ्या प्रणालीचा खाक्या निराळा: तयार होईल तेव्हा. जुलै 2002 नंतरची आवृत्ती थेट जून 2005 मध्ये आली. आता तिथे फ्रीझच्या तारखा आधी जाहीर होतात आणि दार टप्प्याटप्प्याने लागतं. डेबियन 13 साठी पहिला टप्पा 15 मार्च 2025 ला लागला. आवृत्ती बाहेर पडली 9 ऑगस्टला.