संबंधी सर्वनामे (इंग्रजी व्याकरण)

नामाविषयी अधिक माहिती देणारे गौणवाक्य त्या नामाला जोडणारे आणि त्याच वेळी गौणवाक्यात त्या नामाची जागा भरणारे सर्वनाम म्हणजे संबंधी सर्वनाम. ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’, ‘विच’ आणि ‘दॅट’ ही इंग्रजीतील प्रमुख संबंधी सर्वनामे होत.

मराठीतील ‘जो’ लिंग, वचन आणि विभक्ती यांनुसार बदलतो: ज्याने, जिला, ज्यांचे. इंग्रजीत लिंगवचनाचा प्रश्न येत नाही. पाहिले जाते ते नाम माणसाचे आहे की वस्तूचे. माणसाला ‘हू’, वस्तूला ‘विच’ आणि ‘दॅट’ दोघांनाही चालते. ‘हूज’ मात्र वस्तूंसाठीही वापरतात.

‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे’ या वाक्यात ‘जो’ला ‘तो’ची जोड आहे. इंग्रजीत गौणवाक्य नामाच्या पाठोपाठ येते आणि जोडीचा ‘तो’ लागत नाही: ‘द बॉय हू केम यस्टर्डे इज माय ब्रदर’. मराठीच्या सवयीने ‘इज’च्या आधी ‘ही’ घातला जातो, आणि ही चूक केवळ नियम पाठ करून जात नाही. मुख्य वाक्याचा कर्ता ‘द बॉय’ आधीच येऊन गेला आहे, हे कळल्यावरच ती सुटते. संबंधी सर्वनाम गौणवाक्याचे कर्म असेल, तर ते गाळताही येते: ‘द बुक आय बॉट’. कर्ता असेल, तर प्रमाण इंग्रजीत ते गाळत नाहीत.

स्वल्पविरामाने अर्थच बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे’ असे सलग लिहिल्यास भाऊ अनेक असून त्यांपैकी पुण्याचा, असे सूचित होते. ‘ब्रदर’नंतर स्वल्पविराम दिल्यास पुण्यात राहणे ही केवळ जादा माहिती ठरते. अशा स्वल्पविरामानंतर ‘दॅट’ सहसा येत नाही.

‘हू’ आणि ‘विच’ मुळात प्रश्नार्थक. संबंधी म्हणून ‘दॅट’ त्यांच्याहून जुने. १६११ च्या इंग्रजी बायबलमधील प्रार्थनेत देवपित्यालाही ‘विच’च लावले आहे: ‘आवर फादर विच आर्ट इन हेवन’. माणसाला ‘हू’ आणि वस्तूला ‘विच’ ही वाटणी त्यानंतर पक्की झाली. तरीही १७११ साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’मध्ये, ‘दॅट’ने आपली जागा बळकावली अशी तक्रार करणारा ‘हू’ आणि ‘विच’ यांचा अर्ज छापला गेला. ‘हूम’ आज बोलण्यातून मागे पडले असले, तरी ‘टू’, ‘विथ’ यांसारख्या शब्दांच्या लगेच नंतर तेच लागते.