व्हिलन कोण आणि रेटिंग काय? नाव नोंदवण्याआधी एवढं वाचाच

नमस्कार मंडळी,

मार्व्हल कॉमिक्समधल्या वुल्व्हरिनच्या नव्या गेमसाठी आम्ही नावं नोंदवून घ्यायला लागलो तेव्हापासून रोज दोनच प्रश्न येतायत, व्हिलन कोण कोण आहेत आणि रेटिंग, म्हणजे कोणत्या वयापुढच्यांसाठी हा शिक्का, काय येणार. फोनवर, मेसेजवर, काउंटरवर उभं राहून, सगळीकडे हेच. बोलायला आम्हाला आवडतंच, आम्हीपण कॉमिक्स वाचत मोठे झालोय, पण घाईगडबडीत कुणाला अर्धवट सांगितलं जातं आणि मग त्याचा घोळ होतो, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय. प्लीज शेवटपर्यंत वाचा, खासकरून घरातल्या मुलांसाठी डिस्क घेणार असाल तर.

आधी पक्कं काय आहे ते. गेम बनवणाऱ्या इन्सोम्नियाक स्टुडिओने हा गेम सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केला, त्यानंतर बराच काळ शांतता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्यांदा खेळ कसा आहे ते दाखवलं. पीएस ५ साठी, २०२६ च्या फॉलमध्ये, म्हणजे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर, असं तेव्हा सांगितलं. त्यात मिस्टीक दिसली, ओमेगा रेड दिसला, रीव्हर्स नावाची सायबॉर्ग, म्हणजे अर्ध्या यंत्र-माणसांची, टोळी दिसली. कॉमिक्समधलं काल्पनिक मॅड्रिपूर, टोकियो आणि कॅनडातला बर्फाळ डोंगराळ भाग या जागा दाखवल्या. एवढं स्टुडिओने स्वतःहून समोर ठेवलंय.

याच्या पलीकडचं जे काही तुम्ही ऐकता, सेबरटूथ येणार, लेडी डेथस्ट्राइक येणार, मिस्टर सिनिस्टर सगळ्याच्या मागे असणार, तो सगळा अंदाज आहे. वाईट अंदाज नाहीत हं, सेबरटूथशिवाय लोगनची, म्हणजे वुल्व्हरिनची, गोष्ट अपुरीच वाटते हे आम्हालाही पटतं, पण पटणं वेगळं आणि ठरलेलं असणं वेगळं. २०२१ च्या टीझरमध्ये बारमधल्या नंबरप्लेटवर एचएलके १८१ लिहिलेलं दिसलं तर लगेच हल्क येणार म्हणून चर्चा सुरू झाली. आता नोव्हेंबर १९७४ चा हल्कचा १८१ वा अंक म्हणजे वुल्व्हरिनची पहिली पूर्ण भूमिका, कॉमिक्सवाल्यांना हा आकडा पाठच असतो, त्यामुळे ती प्लेट नुसती मानवंदनाही असू शकते. आणि मिस्टीक आहे म्हटल्यावर तर ट्रेलरमधला कुठलाही चेहरा बघून पैज लावण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्याचा चेहरा घेणं हीच तिची ताकद, समोर दिसतोय तो माणूस तोच आहे याची खात्री कोण देणार.

अंदाज चुकतात आणि बरोबरही येतात. २०१८ च्या स्पायडर-मॅन गेमच्या वेळी ई३ या गेमिंग प्रदर्शनातल्या ट्रेलरमध्ये पाच व्हिलन मिळून पीटरला बदडतात आणि शेवटी सहावा समोर येतो पण चेहरा दाखवत नाहीत, तेव्हा बऱ्याच जणांनी बरोबर ओळखलं होतं. पण बॅटमॅनच्या अर्खम नाइट गेमचं काय झालं आठवा. तो मुखवट्यामागचा माणूस एकदम नवीन, कॉमिक्समध्ये नसलेला, असं रिलीजआधी सांगितलं गेलं आणि खेळल्यावर निघाला जुनाच ओळखीचा. अर्खम ओरिजिन्सच्या जाहिरातींत ब्लॅक मास्क पुढे होता आणि प्रत्यक्षात सूत्रं दुसऱ्याच्याच हातात होती. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण हे गेम आजही आमच्याकडून पहिल्यांदा नेणारे लोक आहेत आणि त्यांची मजा आम्हाला घालवायची नाही. मुद्दा एवढाच की जिथे गेम बनवणाऱ्यांनी स्वतः सांगितलेलंही शेवटी तसं निघालं नाही तिथे बाहेर फिरणाऱ्या यादीवर किती विसंबायचं.

काही जण डिसेंबर २०२३ मध्ये इन्सोम्नियाकचा जो डेटा चोरीला गेला त्यातली नावं घेऊन येतात. ते आमच्याशी बोलू नका ही विनंती. एक तर ती लोकांच्या मेहनतीची चोरी आहे, आणि दुसरं म्हणजे गेम बनत असताना पात्रं, प्रसंग, लेव्हल्स कापल्या जातात, बदलल्या जातात, तेव्हाचा कागद म्हणजे आजचा गेम नव्हे.

आता रेटिंग, आणि इथेच खरी गडबड होते.

लोक आम्हाला तीन पद्धतीने रेटिंग सांगतात. पहिली पद्धत, स्टुडिओ तोच ना, मग स्पायडर-मॅनसारखंच येणार. दुसरी, ओमेगा रेड आहे म्हणजे अठरा प्लस नक्की. तिसरी, वुल्व्हरिन म्हणजे रक्त येणारच, सरळ एओ, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, देतील आणि मग मिळायचाच नाही. तिन्ही पद्धती चुकीच्या आहेत, कारण रेटिंग नावाला मिळत नाही, पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं त्याला मिळतं.

उदाहरण बघा. बॅटमॅनचा व्हिलन स्केअरक्रो अर्खम असायलम मध्ये होता, २००९ साल, त्या गेमला ईएसआरबीचं, म्हणजे अमेरिकेतल्या रेटिंग संस्थेचं, टी रेटिंग म्हणजे तेरा वर्षांपुढे. तोच स्केअरक्रो २०१५ मध्ये अर्खम नाइटचा मुख्य व्हिलन आणि त्या गेमला एम, म्हणजे सतरापुढे, आणि पेगीचं, म्हणजे युरोपातलं रेटिंग, अठरा. व्हिलन तोच, स्टुडिओ तोच, हिरो तोच, रेटिंग वेगळं. अजून एक घ्या, वुल्व्हरिनचाच २००९ चा गेम. पीएस ३, एक्सबॉक्स ३६० आणि पीसीवरच्या अनकेज्ड एडिशनला एम होतं आणि त्याच नावाच्या निन्टेंडो वी आणि पीएस २ वरच्या गेमला टी, कारण एकात अंग फाटलेलं, मांस उघडं पडलेलं दिसत होतं आणि दुसऱ्यात ते सौम्य केलं होतं. म्हणजे एकाच नावाखाली, एकाच वर्षी, दोन रेटिंग.

स्पायडर-मॅनचं म्हणाल तर इन्सोम्नियाकच्या तिन्ही गेमना ईएसआरबीचं टी आणि पेगीचं सोळा आहे. पण स्पायडर-मॅन जाळ्याने बांधून ठेवतो आणि लोगनच्या हातातून पंजे निघतात, हा फरक साधा नाही. २०२१ मध्येच गेमच्या क्रिएटिव्ह डायरेक्टरने पूर्ण लांबीचा गेम आणि मॅच्युअर टोन असं सोशल मीडियावर सांगितलं होतं, आणि २०२५ चा ट्रेलर ज्यांनी नीट बघितला त्यांना रक्त किती आहे हे वेगळं सांगायला नको. आमचं स्वतःचं मत विचाराल तर ईएसआरबीचं एम आणि पेगीचं अठरा. पण हे आमचं मत आहे, बॉक्सवरचा शिक्का नाही, आणि आमच्या मतावर तुम्ही मुलासाठी डिस्क घेऊ नका.

एओची भीती मात्र काढून टाका. कन्सोल कंपन्या त्या रेटिंगचे गेम आपल्या मशीनवर येऊच देत नाहीत, त्यामुळे कुठलाही मोठा प्रकाशक त्या रेषेच्या अलीकडेच थांबतो. पेगी अठरा म्हणजे एओ नव्हे, पेगी अठरावाले गेम सर्रास विकले जातात.

रेटिंग ठरतं कसं तेही थोडक्यात. ईएसआरबीला प्रकाशक एक प्रश्नावली भरून देतो आणि गेममधल्या सगळ्यात तीव्र प्रसंगांचा व्हिडिओ देतो, ते बघून प्रशिक्षित माणसं रेटिंग ठरवतात. पेगीमध्ये बारा, सोळा आणि अठराचे गेम वेगळी संस्था तपासते. त्यात मार खाणारा माणसासारखा दिसतो की राक्षस-रोबोटसारखा, रक्त किती, समोरचा निराधार आहे का, असल्या गोष्टी बघतात. म्हणून रीव्हर्स अर्धे यंत्र आहेत तर रेटिंग खाली येईल का हा प्रश्न काही जण विचारतात तो खरंच चांगला प्रश्न आहे, पण ते चालताबोलता माणसासारखेच दिसतात, त्यामुळे फार सूट मिळेल असं आम्हाला वाटत नाही. अंतिम शिक्का येईपर्यंत जाहिरातीवर आरपी असतं, म्हणजे रेटिंग अजून व्हायचंय, ते आरपी बघून रेटिंगच नाही म्हणजे सगळ्यांना चालेल असं समजू नका, असं समजणारेही भेटलेत.

परदेशातून आलेली डिस्क घेणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियाच्या बॉक्सवरचं एम आणि अमेरिकेच्या बॉक्सवरचं एम एक नाही. ऑस्ट्रेलियात एम म्हणजे पंधरापुढच्यांसाठी फक्त शिफारस, त्याच्या वर एमए १५ प्लस आणि त्याच्याही वर आर १८ प्लस. अक्षर तेच, अर्थ वेगळा. जपानच्या बॉक्सवर ए, बी, सी, डी, झेड असतं, तिथे झेड म्हणजे अठरापुढे, आणि जपानी आवृत्तीत कापाकापीचे प्रसंग कमी केलेले असण्याची शक्यता असते. आणि डिस्क ज्या रीजनची त्याच रीजनच्या अकाउंटवर डीएलसी, म्हणजे नंतर डाउनलोड करायचा जादा भाग, चालतो, हेही आधी बघून घ्या.

आता ती एक चूक, जिच्यात आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. मुलाच्या हट्टावर अंदाजाने डिस्क घ्यायची, घरी जाऊन सील फोडायचं, डिस्क घालायची, कन्सोल म्हणणार चालणार नाही, आणि मग डिस्क खराब आहे म्हणून आमच्याकडे परत. एका ताईंच्या मुलाने अर्खमचे सुरुवातीचे गेम खेळलेले, म्हणून त्यांनी विश्वासाने अर्खम नाइट नेला, दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या की सुरूच होत नाही. आम्ही आमच्या कन्सोलवर लावली, व्यवस्थित चालली. पुसून दिली, घरी परत तेच. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की मुलाच्या अकाउंटवर वयाची मर्यादा लावलेली आहे आणि टीच्या वरचं काही चालूच होणार नाही. डिस्कमध्ये काही दोष नव्हता, कन्सोल आपलं काम बरोबर करत होता. ताईंच्या तीन फेऱ्या आणि आमचा बराच वेळ गेला, आणि सील फुटलेली डिस्क नवीन म्हणून आम्ही पुढच्याला देऊ शकत नाही.

म्हणून डिस्क खराब म्हणण्याआधी फॅमिली सेटिंगमध्ये जाऊन त्या मुलाच्या अकाउंटची वयमर्यादा बघा. आई-वडिलांना ठरावीक एका गेमपुरती परवानगी देताही येते, ती द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, कसं करायचं ते आम्ही फोनवर दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.

आणि याच कारणाने आम्ही नाव नोंदवताना विचारतो की खेळणार कोण आणि वय काय. काहींना राग येतो, तुम्हाला काय करायचंय म्हणतात. करायचं एवढंच की चुकीची डिस्क घरी जाऊ नये. दोन प्रकारे नोंद करतो, एक पक्की आणि एक रेटिंग बघून. दुसऱ्या प्रकारात अंतिम रेटिंग आलं की आम्ही स्वतः मेसेज करतो, त्यात नुसता आकडा नाही तर त्याखालच्या ओळीही लिहून पाठवतो, रक्त किती, भाषा कशी, अजून काय. ते वाचून तुम्ही हो म्हणालात तरच डिस्क तुमच्या नावावर, नाही म्हणालात तर काही प्रश्न नाही, आगाऊ दिलेलं सगळं परत. पक्की नोंद मात्र आम्ही पुढे माल मागवल्यावर रद्द करत नाही, कारण आमच्यासारख्या छोट्या धंद्यात तुमच्या नावावर मागवलेली डिस्क आमच्याच गळ्यात पडते. मोठ्यांनी स्वतःसाठी घ्यायचं असेल तर पक्कीच करा, त्यांचा नंबर आधी लागतो.

तेरापुढच्या मुलासाठी सुपरहिरोचाच गेम हवा असेल आणि वुल्व्हरिन वयाला झेपणारा नसेल तर स्पायडर-मॅनचे तिन्ही गेम आमच्याकडे आहेत, माइल्स मोरालेस त्यातला सगळ्यात छोटा गेम आहे, सुरुवातीला तोच द्या असं आम्ही सांगतो. वापरलेल्या डिस्कही आहेत, आम्ही प्रत्येक डिस्क लावून बघूनच ठेवतो.

व्हिलनच्या गप्पा मारायला कधीही या, सेबरटूथवर आमच्यातच दोन गट आहेत. फक्त नाव नोंदवताना पक्की की रेटिंग बघून हे स्पष्ट सांगा, आणि मेसेज आला की दोन दिवसांत उत्तर द्या म्हणजे पुढच्याला थांबावं लागणार नाही.