तऱ्हेवाईक वस्तूंची वंशावळ

गजर वाजताच टेबलावरून खाली उडी मारणारे घड्याळ, पाणी उकळले की पक्ष्याच्या तोंडून शीळ घालणारी किटली, ट्रॅक्टरची बैठक जडवलेले स्टूल अशा वस्तू आज नवलाई म्हणून पाहिल्या जातात. त्यांचा वंश मात्र बराच जुना आहे. तो मागे शोधत गेल्यास एक भेद वारंवार समोर येतो: काही वस्तूंचा तऱ्हेवाईकपणा त्यांच्या कामातूनच उगवलेला असतो, तर काहींवर तो नंतर चढवलेला असतो. या क्षेत्रातले बहुतेक वाद याच भेदाभोवती फिरले आहेत.

नवव्या शतकात बगदादमधील बनू मूसा या तीन भावांनी सुमारे शंभर युक्त्यांचे वर्णन करणारा ग्रंथ लिहिला. त्यातील कितीतरी युक्त्या पाहुण्यांना चकित करणाऱ्या भांड्यांच्या आहेत. ग्रीक परंपरेत पायथागोरसच्या नावाने ओळखला जाणारा पेलाही याच जातीचा. त्याच्या मध्यभागी उभ्या असलेल्या खांबात वाकडी नळी लपवलेली असते. ठरावीक रेषेपर्यंत भरला तर तो साध्या पेल्यासारखा वागतो. रेषा ओलांडली की वक्रनलिकेचा प्रवाह सुरू होऊन सगळे पेय तळाच्या छिद्रातून वाहून जाते. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये लोकप्रिय झालेल्या कोड्याच्या सुरयांची युक्ती थोडी निराळी होती. सुरईच्या गळ्याला नक्षीदार छिद्रे असल्यामुळे ती तिरकी करून पिणे अशक्य असे. पोकळ कानातून आणि काठातून वर येणारी वाट शोधून, एक लपवलेले छिद्र बोटाने दाबून, तोटीतून ओढूनच पेय पिता येई. या भांड्यांत गंमत आणि यंत्रणा वेगळी काढताच येत नाहीत. नळी काढून टाकली की गंमतही संपते.

एकोणिसाव्या शतकात कारखान्यांनी हे समीकरण बदलले. साच्यांमुळे कोणत्याही वस्तूला कोणताही आकार देणे स्वस्त झाले, आणि वस्तूचे काम व तिचे रूप यांची फारकत होऊ लागली. १८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात ही हौस उघड दिसली. त्याची प्रतिक्रिया पुढच्याच वर्षी उमटली. प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी एक असलेल्या हेन्री कोल यांनी मार्लबरो हाउसमधील नव्या संग्रहालयात ‘खोट्या तत्त्वांवरील सजावट’ दाखवणारे एक दालन उघडले, ज्याला लोकांनी ‘भीषण दालन’ असे नाव दिले. फुलाच्या पाकळ्यांतून गॅसची ज्योत बाहेर पडणारा दिवा तेथे दोषाचा नमुना म्हणून मांडला होता. उत्पादकांच्या तक्रारींमुळे ते दालन लवकरच बंद झाले. कोल यांचा आग्रह कठोर होता, पण त्यांचा मूळ प्रश्न योग्य होता असे मला वाटते: फुलाच्या आकाराने दिव्याच्या कामात नेमकी कोणती भर पडते?

याच काळातील यांत्रिक हौसेने मात्र वेगळी वाट धरली. बर्मिंगहॅममधील बंदूक बनवणारे फ्रँक क्लार्क यांनी १९०२ मध्ये आपोआप चहा करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मूळ रचना अल्बर्ट रिचर्डसन या घड्याळजींची होती. ठरलेल्या वेळी घड्याळाची कळ सुटे, काडी घासली जाऊन स्पिरिटचा दिवा पेटे, पाणी उकळल्यावर किटली कलंडून ते टीपॉटमध्ये पडे आणि मग घंटा वाजे. निजलेल्या माणसाच्या उशाशी उघडी ज्योत आपोआप पेटवणारे हे यंत्र धोकादायक होते, यात शंका नाही. तरीही बंदुकीच्या घोड्याची आणि घड्याळाच्या कळेची समज एकाच वस्तूत आलेली पाहून त्या कारागिरांविषयी आदर वाटतो. १९३३ मध्ये ब्रेनर थॉर्नटन यांनी विजेवर चालणारी रचना केली. ‘टीजमेड’ या नावाने ती ब्रिटिश घरांत रुळली.

दुसऱ्या क्षेत्रातील सुटलेला प्रश्न घरात आणण्याची ही रीत पुढेही फळाला आली. मोटारींच्या सस्पेन्शनवर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या रचनेवर, काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइन यांनी १९३२ मध्ये स्प्रिंगांच्या तोलावर कुठेही स्थिर राहणाऱ्या दिव्याचे पेटंट घेतले. हाताच्या स्नायूंप्रमाणे वागणारा हा अँगलपॉइज दिवा आज इतका परिचित आहे, की तो कधीकाळी विचित्र वाटला असेल हेही लक्षात येत नाही.

कलावंतांनी याच सुमारास उलटा प्रयोग केला. मॅन रे यांनी १९२१ मध्ये इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची रांग चिकटवली आणि मेरेट ओपनहाइम यांनी १९३६ मध्ये कप, बशी व चमच्यावर फर चढवली. काम अशक्य करून टाकल्यामुळेच ते काम आपल्या अंगवळणी किती पडले आहे, हे या वस्तू दाखवून देतात.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत समृद्ध प्रकरण मिलानमधील कास्तिलिओनी बंधूंचे आहे. आकिले आणि पिएर जाकोमो यांनी १९५७ मध्ये ट्रॅक्टरची बैठक घेऊन ‘मेझ्झाद्रो’ आणि सायकलची सीट घेऊन ‘सेल्ला’ ही आसने मांडली. शेताच्या खडबडीत जमिनीवर तासन्‌तास बसण्यासाठी घडवलेली बैठक माणसाच्या शरीराला आधीच अनुरूप झालेली होती. तिला लवचीक पट्टीचा आधार दिला की आसन पूर्ण होत असे. ‘सेल्ला’चा पाया घुमटासारखा गोल होता, कारण टेलिफोनवर बोलताना माणूस स्थिर बसत नाही, अर्धवट टेकतो आणि डुलतो. १९६२ च्या ‘आर्को’ दिव्याला सुमारे ६५ किलोचा संगमरवरी पाया आहे आणि त्यात एक भोक आहे. त्या भोकात झाडूचा दांडा घालून दोघांनी तो पाया उचलावा, ही त्यामागची योजना. पाहणाऱ्याला जे अलंकरण वाटते, ते खरे तर उचलण्याची सोय असते.

१९८० च्या दशकात इटलीतील अलेस्सी या कंपनीच्या दोन किटल्यांनी हा जुना भेद पुन्हा समोर आणला. रिचर्ड सॅपर यांच्या १९८३ च्या किटलीत पितळेच्या दोन नळ्या असून वाफ सुटली की दोन स्वर एकत्र उमटतात. मायकल ग्रेव्हज यांनी १९८५ मध्ये तोटीवर लाल पक्षी बसवला आणि हीच किटली अधिक लोकांना भावली. पक्ष्याचे रूप बाहेरून आणलेले असले, तरी शीळ पक्षीच घालतो, त्यामुळे कोल यांच्या फुलाइतका तो परका ठरत नाही. फिलिप स्टार्क यांची १९९० मधील तीन लांब पायांची लिंबूपिळणी मात्र दुसऱ्या टोकाला जाते. तिच्यात बिया अडवण्याची सोय नाही, आणि दहाव्या वर्षी निघालेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या आवृत्तीवर तर लिंबू पिळणेही योग्य नव्हते, कारण आम्लाने मुलामा खराब होतो.

निरुपयोगितेकडे विचारपूर्वक पाहणारी एक परंपराही याला समांतर चालत आली. फ्रान्समध्ये जाक कारेलमान यांनी १९६९ मध्ये अशक्य वस्तूंची सूची प्रसिद्ध केली. तोटी आणि कान एकाच बाजूला असलेले त्यांचे कॉफीपात्र पुढे डोनाल्ड नॉर्मन यांच्या वापरसुलभतेवरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पोहोचले. अथेन्समधील वास्तुविशारद कातेरिना कांप्रानी २०११ पासून अशाच अडचणीच्या वस्तू रचत आहेत.

जपानमध्ये केन्जी कावाकामी यांनी या वृत्तीला ‘चिंदोगू’ हे नाव आणि दहा नियम दिले. वस्तू प्रत्यक्षात बनवलेली असावी, ती विकू नये, तिचे पेटंट घेऊ नये आणि ती खऱ्या वापरासाठी नसावी, असे ते नियम आहेत. केवळ हसवणे हाही तिचा एकमेव हेतू असता कामा नये. डोळ्यांत थेंब नेमका पडावा म्हणून नरसाळी लावलेला चष्मा हे त्याचे ठळक उदाहरण. या वस्तू ज्या गरजा ओळखतात त्या खऱ्या असतात, फक्त उपाय गरजेहून जड असतो. हा तोल परिस्थितीनुसार बदलू शकतो. १९९५ च्या इंग्रजी संग्रहात स्वतःचा फोटो काढण्यासाठी दांड्यावर लावलेला कॅमेरा निरुपयोगी ठरत नसलेल्या वस्तूंच्या यादीत होता. कॅमेरा फोनमध्ये आल्यावर तोच दांडा जगभर विकला गेला.

गौरी नंदा यांनी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार केलेले ‘क्लॉकी’ हे पळणारे घड्याळही या सीमेवरचेच. २००५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला दिले जाणारे विनोदी पारितोषिक, मिळाले आणि पुढे ते बाजारातही आले. गजर बंद करून पुन्हा झोपणाऱ्या माणसाला उठवायचे तर घड्याळाने त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर जायला हवे, म्हणून त्याला चाके आहेत.