शून्य ते शंभर : घड्याळ कोणाच्या हातात होतं?

गोव्यात, फोंड्यातल्या एका गॅरेजमध्ये जुन्या गाडीचा एक मालक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ब्रोशर घेऊन आला होता. थांबलेल्या गाडीला ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला लागणारे, म्हणजे 'शून्य ते शंभर'चे, जे सेकंद कंपनीने छापले होते, त्याच्या जवळपास दीडपट वेळ त्याची गाडी घेत होती. इंजिन दुरुस्तीला आलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मेकॅनिकने बॉनेटही उघडलं नाही. "बाब, कंपनीने मोजली तेव्हा आत किती माणसं होती, ते लिहिलंय का यात?"

लिहिलेलं नव्हतं. सहसा नसतंच. हा आकडा गाडीबरोबर जन्माला आल्यासारखा आपण वाचतो. पण प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी धरलेलं घड्याळ असतं, एक रस्ता असतो आणि एक सकाळ असते.

'शून्य ते साठ मैल' ही मोजपट्टी रूढ करण्याचं श्रेय सहसा टॉम मॅकाहिल या अमेरिकन पत्रकाराला दिलं जातं. १९४६ पासून तो 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात गाड्यांच्या चाचण्या लिहायला लागला. त्याआधी इंग्लंडमध्ये 'ऑटोकार' या नियतकालिकाने १९२८ पासून नियमित रोड टेस्ट सुरू केल्या होत्या आणि वेग मोजायला ब्रुकलंड्सचा ट्रॅक होता. ताशी साठ मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणून तो आकडा लोकांच्या तोंडी बसला. मेट्रिक देशांनी आपला गोल आकडा घेतला, शंभर किलोमीटर. वरवर दोन्ही एकच वाटतात. पण साठ मैल म्हणजे ९६.५६ किलोमीटर. वरचे साडेतीन किलोमीटर तगड्या गाडीला चुटकीसरशी जमतात. आपल्या आठशे-हजार सीसीच्या जुन्या गाड्या मात्र तिथे पोचेपर्यंत दमलेल्या असतात, सेकंदाला जेमतेम दोन किलोमीटरने वेग वाढवतात. म्हणजे नुसत्या एककाच्या फरकात दीड-पावणेदोन सेकंद गेले.

त्या काळी मोजायचं कसं? गाडीच्या स्पीडोमीटरवर विसंबून चालत नसे, म्हणून मागच्या बंपरला सायकलसारखं एक पाचवं चाक जोडत आणि त्याच्या फिरण्यावरून खरा वेग काढत. शेजारी बसलेला माणूस स्टॉपवॉच दाबे. स्पीडोमीटरवरचा अविश्वास आजही रास्तच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त मात्र दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतका दाखवला तरी चालतो. खरा वेग शंभर असताना काटा ११४ वर असला तरी तो नियमात बसतो. त्यात मालकाने १४५/७० आर १२ च्या जागी १४५/८० आर १२, म्हणजे थोडे उंच टायर चढवले, की चाकाचा व्यास पाच टक्क्यांहून जास्त वाढतो. काटा मागे पडतो आणि प्रत्येक गिअरमधली ओढही कमी होते. टायर बदलल्यावर 'गाडी मऊ चालते' असं कौतुकाने सांगणारे मी पाहिलेत. ती मऊ नाही, मंद चालत असते.

कंपन्यांनाही घड्याळ आपल्या बाजूने ठेवायची हौस होतीच. सर्वांत गाजलेलं उदाहरण १९६१ च्या जग्वार ई-टाइपचं. पत्रकारांना दिलेल्या गाडीने 'ऑटोकार'च्या चाचणीत ताशी १५०.४ मैल गाठले आणि दीडशेचा तो आकडा जगभर गेला. ती गाडी खास तयार करून दिलेली होती, हे पुढे सर्वमान्य झालं. ग्राहकांच्या हातातल्या गाड्या सहसा तिथवर पोचल्या नाहीत.

अश्वशक्तीचा घोळ याहून मोठा. अमेरिकेत १९७१ पर्यंत जाहिरातीत 'ग्रॉस' आकडा छापत. म्हणजे इंजिन टेबलावर उघडं ठेवायचं, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर यांचा भार काढायचा आणि मग मोजायचं. १९७२ पासून 'नेट' आकडे आले, इंजिन गाडीत बसतं तसं. १९७१ च्या कॉर्व्हेटच्या मूळ इंजिनाची ताकद २७० होती, पुढच्या वर्षी ती २०० छापली गेली. इंजिन जवळपास तेच. युरोपातल्या डीआयएन या जर्मन मानक पद्धतीचे आकडे आधीपासूनच जमिनीवर होते. म्हणून जुनं ब्रोशर हातात आलं, की साल आणि देश आधी पाहावा, आकडा नंतर.

गोव्यात हा देशांचा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. १९६१ आधी इथे पोर्तुगीज अमलात मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन बोटीने येत. पलीकडे भारतात ॲम्बेसेडर आणि फियाट. पोर्तुगालने १९२८ मध्ये वाहतूक उजवीकडे नेली तरी शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे गोवा डावीकडेच राहिला. त्यामुळे अजूनही एखाद्या जुन्या घराच्या पडवीत किलोमीटर आणि डीआयएनचं जर्मन कागदपत्र असलेली गाडी असते, आणि शेजारच्या वाड्यात मैलांत विचार करणाऱ्या मॉरिसची देशी नात, ॲम्बेसेडर. दोन्ही मालक एकाच आकड्यावरून भांडतात.

देशी गाड्यांच्या बाबतीत वेगळीच पंचाईत. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, तेव्हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न होता 'ॲव्हरेज किती देते?' सेकंद कोणी विचारत नव्हतं. 'ऑटोकार इंडिया' सुरू झालं १९९९ मध्ये. तोवर बहुतेकांच्या हाती कंपनीचाच शब्द होता.

मग घड्याळ सर्वसामान्यांच्या हाती आलं ते आकाशातून. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. आज चाचणीवाले सेकंदाला दहा, वीस, शंभर वेळा वेग टिपणारी यंत्रं वापरतात. साधा मोबाइल बहुधा सेकंदाला एकदाच. ताशी शंभरच्या वेगाने गाडी एका सेकंदात २७.८ मीटर जाते, तेव्हा दशांश सेकंदावरून हुज्जत घालायला मोबाइल कामाचा नाही. वर अमेरिकन मासिकांची एक सवलत असते : ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवरच्या, प्रकाशझोताच्या रीतीनुसार चाक साधारण एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करायचं. त्यात दोन-तीन दशांश सेकंद आयते मिळतात.

माझी १९९८ ची कार्ब्युरेटरवाली छोटी गाडी मी आणि तोच मेकॅनिक डिचोलीकडच्या एका बंद खाणीच्या खासगी रस्त्यावर घेऊन गेलो, मालकाची परवानगी काढून. ती खाण थांबल्यापासून तिथे ट्रक नाहीत. तांबडी धूळ मात्र तशीच. गोव्यात सपाट रस्ता शोधणं म्हणजे मे महिन्यात ओढ्याला पाणी शोधणं. हाही सपाट दिसत होता. पण उतरणीच्या बाजूने २१.४ सेकंद लागले आणि उलट २६. शंभर मीटरला एक मीटर चढ असला, की अशा गाडीच्या शेवटच्या ओढीचा सहावा हिस्सा तोच गिळतो. म्हणून दोन्ही दिशांची सरासरी घ्यायची. ती आली २३.७. काटा शंभरवर होता तेव्हा मोबाइल ९२ दाखवत होता, म्हणून घड्याळ थांबवायचं ते मोबाइल बघून.

सूर्य वर आला, तेहतीस अंश झाले. पंधरा अंशांच्या युरोपी सकाळीपेक्षा त्या हवेत सुमारे सहा टक्के प्राणवायू कमी, आणि आपली गाडी त्याच हवेवर श्वास घेते. पुढच्या फेरीला मेकॅनिकला उतरवलं. तो सावलीत उभा राहून ओरडत होता, "आता ब्रोशरवाल्यासारखे एकटे आहात!" सरासरी बावीसवर आली. ब्रोशरचा आकडा अजून लांबच होता.

परतताना पेट्रोल पंपावर हवा तपासली. पुढच्या दोन्ही टायरांत पाच-पाच पौंड कमी होती.