टेट आक्रमण

व्हिएतनाम युद्धात १९६८ च्या जानेवारीअखेर उत्तर व्हिएतनामचे सैन्य व दक्षिणेतील राष्ट्रीय मुक्ती आघाडी (व्हिएतकाँग) यांनी दक्षिण व्हिएतनाममधील शंभरावर शहरे-गावांवर जवळजवळ एकाच वेळी चढवलेला अनपेक्षित हल्ला. टेट म्हणजे व्हिएतनामी चांद्र नववर्ष. या सणासाठी दोन्ही पक्षांनी युद्धविराम जाहीर केला होता आणि दक्षिणेचे सुमारे निम्मे सैनिक रजेवर घरी गेले होते. सणात शत्रूला गाठण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. क्वांग त्रुंग या राजाने १७८९ च्या टेटमध्ये हनोईतील चिनी फौज अशीच उधळली होती.

आक्रमणाच्या आरंभाची तारीख कोठे ३०, तर कोठे ३१ जानेवारी दिलेली आढळते. याच्या मुळाशी पंचांगभेद आहे. उत्तर व्हिएतनामने १९६७ मध्ये पंचांगाची गणना ग्रीनिचच्या सात तास पुढे असलेल्या हनोईच्या वेळेवर आणली. दक्षिणेत मात्र आठ तास पुढील वेळेची जुनी गणना चालू राहिली. ज्या दिवशी सूर्यचंद्रांची युती होते, तो दिवस व्हिएतनामी महिन्याचा पहिला दिवस मानतात. १९६८ मध्ये हा क्षण हनोईच्या वेळेने २९ जानेवारीच्या मध्यरात्रीपूर्वी सुमारे अर्धा तास आला आणि दक्षिणेच्या गणनेने मध्यरात्र उलटल्यावर तितक्याच अंतराने. साहजिकच उत्तरेत टेट २९ तारखेला आणि दक्षिणेत ३० तारखेला आला. न्हा त्रांग, प्लेइकू, कोन्तुम, दा नांग इ. ठिकाणी ३० च्या पहाटेच हल्ले झाले, तर दक्षिणेची राजधानी सायगावसह मुख्य हल्ला ३१ च्या पहाटे झाला. काही अभ्यासक हा घोळ केवळ पंचांगाचा मानतात. इतरांच्या मते हल्ला एक दिवस पुढे ढकलण्याचा आदेश मध्य भागातील तुकड्यांना वेळेत मिळाला नाही. दक्षिणेच्या पंचांगाशी मेळ घालण्यासाठीच तो आदेश निघाला असावा, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

योजनेच्या कर्तृत्वाविषयीही मतभेद आहेत. जुन्या पाश्चात्त्य लेखनात तिचे श्रेय सर्रास उत्तरेचे संरक्षणमंत्री जनरल व्हो न्गुयेन गियाप यांना दिले जाई. हनोईतील कागदपत्रे पुढे आल्यावर मात्र उत्तरेतील सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचे प्रथम सचिव ले झुआन आणि जनरल व्हान तिएन झुंग यांच्याकडे पारडे झुकले आहे. ‘सर्वंकष आक्रमण, सर्वंकष उठाव’ या सूत्रामागे शहरी जनताही बंड करून उठेल, अशी अपेक्षा होती. सावधपणाचा आग्रह धरणारे गियाप त्या सुमारास हंगेरीत होते. दक्षिणेतील युद्धाची सूत्रे सांभाळणारे न्गुयेन ची थान्ह जुलै १९६७ मध्येच निवर्तले होते.

सायगावात पहिल्या गोळीबाराचे आवाज अनेकांना सणाच्या फटाक्यांचेच वाटले. पहाटे पावणेतीनच्या सुमारास १९ जणांच्या तुकडीने अमेरिकन वकिलातीच्या आवाराची भिंत स्फोटाने फोडली. मुख्य इमारत त्यांच्या हाती लागली नाही आणि सकाळी नऊच्या सुमारास चकमक संपली. अमेरिकन जनरल वेयंड यांनी काही आठवडे आधी अमेरिकन पलटणी सायगावजवळ आणल्या नसत्या, तर शहर वाचवणे फार कठीण गेले असते. मध्य व्हिएतनाममधील हुए हे शहर मात्र सुमारे चार आठवडे झुंजत राहिले. तेथे पुढे सामूहिक दफनभूमींत सुमारे २,८०० मृतदेह सापडले. हे सर्व कम्युनिस्टांच्या हत्याकांडाचे बळी होते की त्यांत बाँबवर्षावात मेलेलेही होते, यावर वाद आहे. परंतु बंदी करून नेलेल्या नागरिकांच्या हत्या झाल्या, हे नाकारता येत नाही.

अपेक्षित जनउठाव झाला नाही आणि लष्करी दृष्ट्या आक्रमण फसले. व्हिएतकाँगची हानी इतकी झाली, की पुढील लढ्याचा भार उत्तरेच्या नियमित सैन्यावर वाढत गेला. तथापि अमेरिकेतील परिणाम उलटा झाला. युद्धाचा शेवट दृष्टिपथात आल्याची ग्वाही व्हिएतनाममधील अमेरिकन सेनापती जनरल वेस्टमोरलंड यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये दिली होती. ती तीन महिन्यांत पोकळ ठरली. सुमारे २,०६,००० जादा सैनिकांची मागणी मार्चमध्ये वृत्तपत्रात फुटली. ३१ मार्च रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरील बाँबहल्ले मर्यादित केले आणि आपण पुन्हा उमेदवारी स्वीकारणार नसल्याचे जाहीर केले. जनमत टेटमुळेच फिरले असे सरसकट म्हटले जाते. ते १९६७ मध्येच ढळू लागले होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मे १९६८ मध्ये पॅरिस येथे वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच महिन्यात आणि ऑगस्टमध्ये हल्ल्यांच्या आणखी दोन लाटा आल्या.